कथक क्लास, एडिसन (न्यू जर्सी): एका आईचा रिव्ह्यू

दिवाळीच्या प्रोग्रामसाठी दोन गाणी बसवून हवी असतील तर इथे येऊ नका हे आधीच सांगते. शिकवणाऱ्या ताई बसवून देत नाहीत, आणि त्यावरून वाद घालण्यात पॉइंट नाही, बऱ्याच आयांनी घालून पाहिलाय. एडिसन-इझलिन पट्ट्यात तसे क्लास ढिगाने आहेत, महिनाभरात मुलं स्टेजवर आणि फोटो फेसबुकवर.

इथे सुरुवातीचे कित्येक महिने नुसता तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आधी बरोबरीत, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, मग चौगुन, आणि सोबत पढंत, म्हणजे तेच बोल तोंडाने म्हणायचे हातावर टाळी धरून. तीनताल, १६ मात्रा, नवव्या मात्रेला खाली (तिथे टाळी नसते), हे माझी मुलगी आता गाडीत बसल्या बसल्या पण करते. आमच्या पोरी इकडेच जन्मलेल्या, त्यामुळे पहिले काही दिवस सगळा वर्ग 'टा ठेई ठेई टट्' असंच म्हणायचा. ताईंनी एकेकीला आरशासमोर उभं करून जीभ दातांना कुठे टेकवायची ते दाखवलं. घरच्या मराठीलाही त्याचा फायदा झाला, आजी फोनवर खूश.

घुंगरांचंही तसंच कडक. व्हेलक्रोचे पट्टे चालत नाहीत, सुती दोरीत ओवलेलेच हवेत आणि ज्याचे त्याने बांधायचे. लहान मुलींचा त्यात बराच वेळ जातो, फी डॉलरमध्ये भरणाऱ्या पालकांचा जीव वरखाली होतो, मला समजतं. पण सैल बांधले की दुगुनीत घोट्याखाली घसरतात, असं एकदा सगळ्यांसमोर झालं की पुढच्या वेळेस दोरी बरोब्बर घट्ट बसते, आईने सांगायची गरज पडत नाही.

मला हा क्लास खरा पटला तो महिन्यातल्या एका रविवारी, कारण त्या दिवशी तबला असतो. खराखुरा, माणसाने वाजवलेला. एरवी फोनवरच्या ॲपचा लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी तीच ती धून) लावतात, सगळीकडे तेच आहे, दर तासाला तबलजी इथे कोणाला परवडणार. पण ॲपची लय हलत नाही हो, आणि पोरी त्या मशीनच्या लयीवर तोडे (नाचाचे छोटे तुकडे) घोटून पाठ करतात. पहिल्यांदा तबलजी आले तेव्हा मुलींनी तिहाई (एकच तुकडा तीनदा, शेवट समेवर) घेतली, संपवून ऐटीत उभ्या राहिल्या आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आलीच नव्हती, तबला मागून सावकाश येतोय. एकमेकींकडे बघायला लागल्या. ताई ओरडल्या नाहीत, खाली बसा म्हणाल्या, तबलजीकाकांच्या हाताकडे बघा आणि नुसतं पढा. पढंत जमल्यावरच परत उभं केलं. मी मागे बसून बघत होते, आणि तोपर्यंत तीन वर्षं दुसऱ्या एका क्लासला काय शिकलो असा प्रश्न पडला, तिकडे आयटम सहा बसले होते पण मात्रा मोजायला कोणी लावलं नव्हतं.

मोठ्या बॅचच्या मुली तर तत्कार करता करता ठेका, म्हणजे तबल्याचे तालाचे बोल, स्वतःच म्हणतात. कथक नर्तक पं. चित्रेश दास १९७० मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी छंदम ही शाळा काढली, त्यांचं कथक योग याच धर्तीचं, नाचणाऱ्यानेच ताल पण सांभाळायचा. ताई स्वतः पुण्यात शिकलेल्या, पण हे आमच्याकडचं नाही म्हणून नको असला प्रकार नाही. पुण्याच्या कथक गुरू रोहिणीताई भाट्यांनीसुद्धा जयपूर आणि लखनौ दोन्ही घराण्यांचं शिकून घेतलं होतंच की.

भावाचं काम थोडं उशिरा सुरू होतं, पण झकास. गतभावात, म्हणजे चालीतून आणि हावभावातून प्रसंग दाखवताना, पाणी भरून आणायचं होतं तर आमच्या पोरी घागर कागदाची असल्यासारख्या चालायच्या, बिचाऱ्यांनी नळाशिवाय पाणी बघितलंय कुठे. ताईंनी फ्रिजमधून दुधाचा भरलेला गॅलन काढला, एकेकीच्या कमरेवर दिला आणि हॉलभर फिरवलं. कंबर कुठे कलते, मान कशी जाते, मोकळा हात कुठे जातो, सगळं आपोआप आलं.

आता तक्रारी. बर्फ पडला की क्लास झूमवर, आणि तो तास मला फुकट गेल्यासारखा वाटतो. आवाज उशिरा पोचतो त्यामुळे एकत्र पढंत होतच नाही, सगळ्या म्यूटवर, आणि घुंगरांचा आवाज झूम नॉइज समजून कापून टाकतं. त्यात आमच्यासारखं कार्पेटवालं घर असेल तर विचारूच नका. तो तास रद्द करून नंतर भरून द्यावा असं मी सांगितलंय, बघू. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप हा नुसता गोंधळ. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या देतात, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात, वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो, म्हणजे तयारीला वेळ लागतो, आणि फॉर्मची तारीख मात्र ग्रुपवर रात्री अकराला येते तीही वाढदिवसाच्या केकांच्या फोटोंखाली. महत्त्वाच्या गोष्टींना ईमेल करा ना प्लीज. वार्षिक कार्यक्रमाचे अंगरखे भारतातून येतात, माप चुकलं तर इथे अल्टरेशनचा खर्च आपला.

शनिवार सकाळची बॅच भरलेली असते, संध्याकाळी जागा मिळते. आधी एक तास बसून बघू देतात, तो शक्यतो तबल्याच्या रविवारी मागून घ्या. पार्किंग बिल्डिंगच्या मागे आहे, पुढे लावू नका, टो करतात.