साताऱ्यात बनवलेली लाकडाची बंद शेगडी : शेगडी घ्यावी, धुराडे मात्र वेगळे करावे

महाबळेश्वर तालुक्यात घर उबदार ठेवण्याचा प्रश्न केवळ हिवाळ्याचा नाही. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या येतात आणि पर्यटक ते पाहायला पहाटे उठतात. परंतु बारा महिने येथे राहणाऱ्यांना त्याहून अधिक जाचते ती पावसाळ्यातील ओल. वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस जेथे पडतो, तेथे अंथरुणे, पुस्तके आणि कपाटातील कपडे बुरशीपासून वाचवणे हेच घरातले मोठे काम होऊन बसते. या दोन्हींवर उपाय म्हणून आम्ही साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपकडून लाकडावर चालणारी बंद शेगडी करून घेतली. काश्मीर-हिमाचलकडे जिला बुखारी म्हणतात त्याच जातीची, पण बांधणीने अधिक भक्कम. दोन्ही ऋतूंत वापरल्यानंतर माझे मत असे आहे की शेगडी उत्तम आहे, मात्र तिच्यासोबत दिले जाणारे धुराडे कोणीही घेऊ नये.

दुसरे पर्याय आम्ही पाहिले होते. २,००० वॅटचा विजेचा हीटर तासाला दोन युनिट घेतो आणि येथे नेमक्या गरजेच्या वेळी, म्हणजे वादळी पावसात, वीज जाते. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलीत ठेवण्याचा विचारही करू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. जळणाचा सगळा वायू घराबाहेर नेणारी बंद शेगडी हाच आमच्या दृष्टीने लाकडाचा एकमेव सुरक्षित मार्ग होता.

शेगडी ५ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याची आहे, आतून भट्टीच्या विटा बसवलेल्या आहेत आणि दाराला उष्णता सोसणारी सिरॅमिक काच आहे. साधी टफन केलेली काच या जागी टिकत नाही, त्यामुळे ऑर्डर देताना हा मुद्दा स्पष्ट लिहून घ्यावा. दाराच्या कडेला उष्णतारोधक तंतूंची जाड दोरी आहे. दार मिटल्यावर त्या फटीत कागद धरून ओढला तर तो सहज निघत नाही, आणि दार घट्ट बसल्याची हीच खूण आहे. जोडकाम स्वच्छ आहे. वेल्डिंगमध्ये एकही छिद्र राहिलेले नाही.

वर्कशॉपचे खरे कौशल्य हवेच्या मार्गात दिसते. आपल्या घरातल्या तांब्याच्या बंबाला हवा फक्त खालून मिळते, म्हणूनच पेटवताना तो अंगणभर धूर करतो. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंतच असते. ते पुरते जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि ज्वाळेच्या वरच्या भागात ताजी, आधीच तापलेली हवा लागते. ही हवा या शेगडीत मागच्या पोकळ भिंतीतून वर चढत तापते आणि छिद्रांच्या एका ओळीतून ज्वाळेवर सुटते. शेगडी चांगली तापल्यावर त्या छिद्रांपाशी निळसर-पिवळ्या ज्वाळांची वेगळी रांग दिसते आणि बाहेर जाऊन पाहिले तर धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसत नाही. जो धूर दिसत नाही तो आत जळून आपल्या खोलीला ऊब देऊन गेलेला असतो. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के खोलीला मिळते. चांगल्या बंद शेगडीत हे प्रमाण ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. आमच्या शेगडीची प्रयोगशाळेत चाचणी झालेली नाही, त्यामुळे तिच्या नावावर मी आकडा टाकणार नाही. मात्र पूर्वी याच खोलीतल्या उघड्या चुलाणाला जेवढे जळण लागे, त्याच्या निम्म्याहूनही कमी जळणात आता खोली अधिक उबदार राहते.

किती मोठी शेगडी घ्यावी, याचा हिशोब सोपा आहे. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते. तासाला दीड किलो लाकूड जाळले आणि त्यातील ६५ टक्के उष्णता खोलीला मिळाली, तर ती साधारण ४ किलोवॅटच्या हीटरइतकी होते. १४ बाय १२ फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीला एवढे पुरते. कौलारू छताखाली माळा नसेल तर अधिक लागेल, पण त्यावर उपाय माळा घालणे हा आहे, दुप्पट मोठी शेगडी घेणे हा नव्हे. गरजेपेक्षा मोठी शेगडी हवा कोंडून धुमसत ठेवावी लागते आणि तिचे दुष्परिणाम पुढे सांगतो.

पावसाळ्यात तिचा गुण अधिक जाणवतो. बाहेर १८ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असताना तीच हवा खोलीत २५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ६२ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतील पाणी तेवढेच असते, परंतु तापलेली हवा ओले कपडे आणि भिंती यांतील ओल शोषू लागते. संध्याकाळी तीन-चार तास शेगडी पेटवली की जांभ्याच्या भिंतीसुद्धा सकाळपर्यंत हाताला कोमट लागतात, आणि गाद्यांना येणारा कुबट वास आमच्या घरातून गेला आहे.

आता तक्रारीकडे वळतो. वर्कशॉपच्या मालकांनी आम्हाला सांगितले, "साहेब, शेगडी आमची. धुराड्याला जीआयचा पाइप देतो, भोक तुमच्या गवंड्याकडून पाडून घ्या." हे मला अजिबात पटले नाही आणि तो पाइप आम्ही घेतला नाही. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. त्या पाइपवरचा जस्ताचा थर ४१९ अंशांना वितळतो आणि जास्त तापला तर त्यातून घातक धूर निघतो. धुराड्यात तो वापरूच नये. आम्ही ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप दुसरीकडून करवून घेतला. छतातून तो लाकडी वासे आणि रिपांच्या मधून जातो, म्हणून तेवढ्या भागात दुहेरी पाइप बसवून मधल्या जागेत रॉकवूल, म्हणजे न जळणारी खनिज लोकर, भरले आणि भोवतीचे लाकूड कापून मोकळी जागा सोडली. कौलारू घरातील आगीचा सर्वात मोठा धोका याच एका ठिकाणी असतो. शेगडी विकणाऱ्याने ते गवंड्यावर सोडणे ही गंभीर त्रुटी आहे.

धुराड्याच्या उंचीचा नियम अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या एनएफपीए २११ या मानकात स्पष्ट आहे: छतातून जेथे ते बाहेर पडते तेथून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या परिघातील छताच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच. त्याहून आखूड ठेवले तर आमच्याकडील पश्चिमेचा वारा छतावरून घसरून धूर परत खोलीत ढकलतो. काटकोनी वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे घ्यावीत. वर टोपी हवीच, कारण येथील पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. टोपीला ठिणग्या अडवणारी जाळीही हवी. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या झडी लावण्याची येथे पद्धत आहे. अशा घरात बिनजाळीचे धुराडे ठेवणे मला मान्य नाही.

अशा, चाचणीचे प्रमाणपत्र नसलेल्या शेगडीपासून जळू शकेल अशी कोणतीही वस्तू ३६ इंच आणि एकेरी पाइपपासून १८ इंच दूर ठेवावी, असे तेच मानक सांगते. आमच्या शेगडीमागे जांभ्याची भिंत आहे, त्यामुळे तेथे चिंता नव्हती. कपडे वाळवण्याची दोरी मात्र हलवावी लागली.

जळणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण चांगल्या शेगडीची माती ओल्या लाकडानेच होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मेपर्यंत पाणी असू शकते आणि ते उकळवण्यातच उष्णता खर्ची पडते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलावामापक यंत्र स्वस्तात मिळते. ओंडका फोडून त्याच्या आतल्या ताज्या बाजूवर ते टेकवावे, वरच्या सालीवर नव्हे. वखारीत "वाळलेले" म्हणून मिळणारे लाकूड बहुतेकदा या कसोटीला उतरत नाही. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात तर लाकूड वाळतच नाही. म्हणून जळण ऑक्टोबरमध्ये आणून, फोडून, जमिनीपासून उचलून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या अशा रचणीत मेअखेरपर्यंत वाळवावे आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी पूर्ण झाकलेल्या जागी हलवावे. आम्ही खटाव-माणकडून येणारी बाभूळ आणि सुबाभूळ वापरतो. बाभूळ जड आणि सावकाश जळणारी, तर बागेतील छाटणीचा सिल्व्हर ओक हलका आणि पेटवणाला चांगला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. येथल्या जंगलातील जांभूळ किंवा इतर झाडांचे लाकूड कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि प्लॅस्टिक शेगडीत कधीही घालू नये.

शेगडीतला एक दोष मी दुरुस्त करवून घेतला. हवेची झडप पूर्ण बंद होत होती. रात्री मोठा ओंडका टाकून झडप मिटण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे केले की लाकूड धुमसते, न जळलेला धूर थंड पाइपमध्ये गोठतो आणि डांबरासारख्या क्रिओसोटचा थर जमतो. हा थर पेटला तर धुराड्यातील तापमान १,००० अंशांच्या वर जाते. आम्ही झडपेला छिद्र पाडून घेतले, त्यामुळे थोडी हवा नेहमी चालू राहते. धुराडे पावसाळ्यापूर्वी आणि हिवाळ्यापूर्वी ब्रशने साफ करतो. शयनगृहाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे, आणि भिंतीत बाहेरची हवा घेणारा चार इंची पाइप आहे. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू असताना हा पाइप नसता, तर पंख्याने धुराड्यातूनच हवा ओढून धूर घरात आणला असता.

राखेचा कप्पा लहान आहे, पुढच्या आवृत्तीत तो मोठा करावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी फळीवर न ठेवता थंड होऊ द्यावी. तिच्या पोटात निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात. ही राख स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात टाकू नये. त्या पिकाला किंचित आम्ल जमीन मानवते आणि राख अल्कधर्मी असते.

शेगडीला आम्ही ४२ हजार रुपये दिले आणि धुराडे, छताचे काम व अलार्म यांवर जवळजवळ तेवढेच खर्च झाले. वर्कशॉपने वेळ पाळली, बसवायला माणसे पाठवली आणि झडपेचे काम विनामूल्य केले, हे आवर्जून नोंदवतो. दाराची दोरी दर एक-दोन हंगामांनी बदलावी लागेल. तिचा एक जादा तुकडा आणि विटांचा एक संच शेगडीबरोबरच मागून घ्यावा, कारण महाबळेश्वरात यांपैकी काहीही मिळत नाही.