दोघींचा आजार उलटा, पावडर मात्र एकच

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये रविवारी ‘मोफत थायरॉईड तपासणी शिबिर’ लागलं, तर आधी हे वाचा. आमच्या क्लबहाउसमध्ये असंच एक झालं आणि माझे 18,500 रुपये गेले. पैशांपेक्षा तब्येतीचं जे झालं ते जास्त महागात पडलं.

मला ग्रेव्हज आहे, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडतो. चारचौघं निवांत बसलेली असताना मला घाम फुटतो, हात थरथरतात, जिना चढताना मांड्यांत त्राण राहत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी तुर्भे येईपर्यंत कुर्ता पाठीला चिकटलेला. डॉक्टरांनी कार्बिमाझोल सुरू केलं होतं, धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. लगेच फरक पडणार नाही हेही सांगितलं होतं: गोळी नवं हार्मोन बनणं रोखते, पण ग्रंथीत आधीच साठलेलं संपायला काही आठवडे जातात. या लोकांचा धंदा नेमका त्या आठवड्यांवर चालतो. त्यात ऑक्टोबर हीट. माणूस घायकुतीला आलेला असतो.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली स्टीलची दांडी. ती मुठीत धरायची, मिनिटभरात प्रिंटरमधून पानांमागून पानं. यकृत, किडनी, ‘थायरॉईड ऊर्जा’, सगळ्यांपुढे लाल बाण. रक्ताचा एक थेंब घेतला नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, रक्तातच मोजतात, दांडी धरून नाही. मग प्रश्न: “ताई, थकवा येतो? झोप पुरत नाही? चिडचिड होते?” सकाळी ठाणे स्टेशनवर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, तिन्हीला हो म्हणेल.

माझ्या मागे शेजारच्या काकू. त्यांचा थायरॉईड कमी चालतो, कित्येक वर्षं थायरॉक्सिनवर, म्हणजे कमी पडणारं हार्मोन भरून काढणाऱ्या गोळीवर आहेत, मे महिन्यातही पंखा बारीक करायला लावतात. दोघींना तीच पावडर, तोच डोस.

“सर, आमचं दोघींचं तर उलट आहे ना?”

“ताई, हे मुळापासून बॅलन्स करतं. कमी असेल तर वाढवतं, जास्त असेल तर उतरवतं.”

आणि वर ताकीद, इंग्रजी गोळ्या आधी बंद करा, नाहीतर आयुर्वेदिक औषध लागू पडणार नाही. काकूंनी गोळी सोडली, मीही सोडली.

पुढे पडल्या जागी नाडी 120 च्या वर जायला लागली. डॉक्टरांनी डबा मागवून घटक वाचले. समुद्री शेवाळ, म्हणजे भरपूर आयोडीन, आणि थायरॉईड हार्मोन बनवतो आयोडीनपासूनच. सोबत फुकट दिलेल्या केसांच्या कॅप्सूलमध्ये बायोटिन, एक जीवनसत्त्व. त्याचा मोठा डोस काही लॅबच्या मशीनना चकवतो, टीएसएच खोटाच कमी आणि टी-4, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, खोटंच जास्त दिसू शकतं. म्हणून कॅप्सूल थांबवून पुन्हा रक्त दिलं. टी-4 खरंच वाढलेलं निघालं. काकूंचं उलट: थायरॉईड कमी पडला की टीएसएच वाढतो, त्यांचा भलताच चढला होता, पायांवर सूज. दोघींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तोंडाने ‘आयुर्वेदिक औषध’ म्हणत होते, पण डब्यावर तसं लिहिलेलंच नव्हतं, ना औषध बनवण्याचा परवाना क्रमांक. होता तो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी नंबर, म्हणजे खाद्यपदार्थाचा. 1954 च्या औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यातल्या यादीत गलगंडही, म्हणजे थायरॉईड ग्रंथी सुजणंही आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. त्यांच्या पत्रकावर ठळक अक्षरांत तेच होतं.

पैसे मागितल्यावर आधी “सील उघडलं की परत नाही”, मग “तुम्ही गोळ्या चालू ठेवल्या असणार”, मग फोन बंद. यूपीआय कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात, पावतीवर ‘आहार सल्ला’. सोसायटीने हॉलचं भाडं रोख घेतलेलं, सेक्रेटरींकडे फक्त तोच बंद नंबर.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी दिली, सोबत डब्याचे चारही बाजूंचे फोटो, पत्रक, पावती आणि आधीचे-नंतरचे रिपोर्ट. काकूंनी त्यांचा डबा घासून त्यात मूगडाळ भरली होती, लेबल केव्हाच गेलेलं. त्यांच्या तक्रारीला यूपीआयच्या नोंदीखेरीज जोडायला काही उरलं नाही.