पहिला पेपर परिषदेला की जर्नलला? गोव्यात बसून ठरवताना

पीएचडीचा कोर्सवर्क संपत आला की संगणकशास्त्रवाल्यांना हा प्रश्न पडतोच. बाकीच्या शास्त्रांत तो पडत नाही. दोनापावलच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) काम करणाऱ्या माझ्या मित्राला मी परिषदेच्या पेपरसाठी रात्र जागवतो हे कळलं तेव्हा तो हसला. त्याच्या लेखी परिषद म्हणजे चहा, पोस्टर आणि ओळखीपाळखी. खरं काम जर्नलमध्ये. आपल्याकडे उलटं आहे. आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा २०१७ चा पेपरही परिषदेतलाच. पण नोकरी, बढती आणि फाईल ज्या नियमांवर चालते, ते नियम माझ्या त्या मित्रासारखाच विचार करतात.

म्हणून आधी जर्नलची बाजू. कागदावर ती भक्कम आहे. शिक्षकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या तक्त्यात विज्ञान-अभियांत्रिकीच्या जर्नल पेपरला ८ गुण आणि इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) २ ते ५ मध्ये असेल तर वर आणखी २०. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर ७, तीच परिषद देशात असेल तर ५, राष्ट्रीय असेल तर ३. मशीन लर्निंगमधली नावाजलेली न्यूरिप्स परिषद असो की कुठल्याशा हॉटेलात भरलेला मेळावा, तक्त्याला फरक दिसत नाही. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात असोसिएट प्रोफेसर व्हायचं असेल, तर हा हिशेब डावलून चालणार नाही. खर्चाचंही तसंच. वर्गणीवर चालणारी जर्नलं लेखकाकडून सहसा पैसे मागत नाहीत, आणि २००० साली सुरू झालेलं मशीन लर्निंगचं जर्नल जेएमएलआर तर वाचकाकडूनही घेत नाही. पानांची मर्यादा सैल असते, त्यामुळे प्रयोगाचे सगळे तपशील आणि सिद्धता मोकळेपणाने मांडता येतात.

एवढं असून मी परिषदेकडे वळलो ते एकाच गोष्टीला कंटाळून. जर्नलला तारीख नसते.

पेपर पाठवला की पोर्टलवर आधी ‘विथ एडिटर’ येतं, मग ‘अंडर रिव्ह्यू’, आणि ते तिथेच राहतं. चतुर्थीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधून उतरवून होते, दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळतात, शिगमा येतो, तरी पोर्टलवर तेच दोन शब्द. संपादकाला विचारावं तर आगाऊपणा वाटेल ही भीती. धीर करून लिहिलं की ‘परीक्षकांचा शोध सुरू आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर. त्यांना तरी काय बोलणार? फुकटात वाचून देणारे जाणकार मिळायचे कुठून? माझा विषय देवनागरीतली कोकणी आणि मराठी एकमेकींपासून वेगळी ओळखण्याचा, तोही एकाच वाक्यात दोन्ही मिसळल्या असताना. (डेटा गोळा करायला त्रास पडला नाही. फेसबुकवर आम्ही गोंयकार असंच लिहितो.) अखेर अभिप्राय आला तेव्हा एका परीक्षकाने विचारलं होतं, अमुक भाषा-मॉडेलशी तुलना का केली नाही? मी पेपर पाठवला तेव्हा ते मॉडेल जन्मालाही आलं नव्हतं. मुकाट्याने तुलना केली, सुधारित प्रत पाठवली, आणि पुन्हा ‘अंडर रिव्ह्यू’. मधल्या काळात जो कुठला फेलोशिपचा अर्ज भरला, त्यात त्या पेपरपुढे ‘विचाराधीन’ लिहीत राहिलो. निवड समितीला त्या शब्दावरून काही ठरवता येत नाही, म्हणून ती तो सोडून पुढे जाते असा माझा अंदाज आहे.

गुणांसाठी जर्नल हा हिशेबही मला इथेच लंगडा वाटतो. ८ अधिक २० खरे, पण मुलाखतीआधी पेपर छापून येईल का, हे संपादकही सांगू शकत नाही. परिषदेचे ५ किंवा ७ थोडे असले तरी फाईलला लागतात.

परिषदेत पेपर द्यायचा दिवस, परीक्षकांना उत्तर द्यायचा आठवडा आणि निकालाची तारीख हे सगळं आधीच जाहीर असतं. नकार आला तरी वेळेत येतो आणि पुढची परिषद गाठता येते. शिवाय डेडलाइन बहुतेक वेळा एओई असते, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी तो दिवस उरलेला असेपर्यंत. आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. पार्ट टाइम पीएचडी करणाऱ्याला प्रॅक्टिकल आटोपून घरी येऊन शेवटचा तक्ता दुरुस्त करायला तेवढं पुरतं.

तारीख पाळली म्हणून न्याय होतोच असं मात्र नाही. २०१४ मध्ये न्यूरिप्सच्या आयोजकांनीच १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. साधारण चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर त्यांचे निर्णय जुळले नाहीत. एका समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. २०२१ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला आणि चित्र फारसं पालटलं नाही. म्हणजे मधल्या दर्जाच्या पेपराचं बरंचसं नशीबच. त्यात खर्च. निदान एका लेखकाने नोंदणी करावी लागते, वर विमान, व्हिसा, हॉटेल. विद्यार्थ्यांसाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संघटनांचं प्रवास अनुदान आहे, ते बघून ठेवा. कॉलेजात शिकवणाऱ्यांना ड्युटी लीव्हसाठी प्राचार्यांची मनधरणी करावी लागते ती वेगळीच.

गोव्यातल्या माणसाला एक सोय अशी की परिषदा कधीकधी दारातच येतात. डेटा सायन्सची कॉड्स-कोमॅड जानेवारी २०१८ मध्ये गोव्यात भरली होती. अशा वेळी बाहेरचे लोक कुटुंबकबिल्यासह येऊन सीझनच्या दराने खोल्या घेतात, आणि आपण कदंबच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी. पण याच कारणाने गोव्याचं नाव लावून भलतेच मेळावेही भरतात. पेपर पाठवून तीन दिवसांत ‘स्वीकृत’ असं कळलं आणि पत्रकावर समितीच्या नावांपेक्षा समुद्रकिनाऱ्याचे फोटो जास्त असले, की मी पुढे वाचत नाही. मागच्या वर्षांचे पेपर डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या पेपरसूचीवर सापडतात का आणि परिषदांना श्रेणी देणाऱ्या कोअरच्या यादीत तिला काय श्रेणी आहे, एवढं बघितलं तरी बरेच संशय फिटतात. जर्नलच्या बाबतीतही आता असं स्वतःच पारखावं लागतं, कारण यूजीसी-केअरची मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

ओळख म्हणाल तर ती मला पोस्टरपुढे उभं राहून मिळाली. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या एका बाईंनी माझे आलेख नीट पाहिले आणि विचारलं, “तुमची कोकणी फक्त देवनागरीतली का? रोमीचं, म्हणजे रोमन लिपीचं काय? आम्ही तर कन्नड लिपीत लिहितो.” माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या प्रश्नातून निघालं. जर्नलच्या परीक्षकांना तो सुचला नव्हता. माझ्या फाईलमध्ये त्या बाईंचा गुण कुठेच नाही, हे आलंच.

दोन्ही हवं असेल तर मधली वाट आहे. डेटाबेस विषयातल्या पीव्हीएलडीबीला दर महिन्याला पेपर देता येतो. तो जर्नलच्या खंडात छापतात आणि व्हीएलडीबी परिषदेत वाचायलाही मिळतो. मशीन लर्निंगमध्ये २०२२ पासून टीएमएलआर हे जर्नल आहे. तिथे कधीही पेपर पाठवा, परीक्षण सगळ्यांना वाचता येतं. दोन्हीकडची स्पर्धा मात्र पहिल्याच पेपराला झेपेल असं नाही.

पीएचडीसाठी म्हणून विचारत असाल तर आधी आपल्या विभागाचा नियम वाचा. २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशभरची सक्ती काढली, पण विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते, आणि गाईडची असते ती निराळी. अट जर्नलचीच असेल तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेवा. नसेल तर पहिला पेपर परिषदेला जाऊ द्या. स्वीकारला गेला की त्यात नवे प्रयोग घालून तो वाढवा (बरीच जर्नलं साधारण ३० टक्के नवा मजकूर मागतात) आणि मग जर्नलला पाठवा. तेव्हा ‘अंडर रिव्ह्यू’ कितीही रेंगाळलं तरी चालतं, कारण काम कुणी आणि कधी केलं ते परिषदेच्या नोंदीत आधीच छापलेलं असतं.