मुंबई–न्यू यॉर्क: थेट जावं की मध्ये उतरावं?

आई-बाबांना ताईकडे न्यू यॉर्कजवळच्या एडिसनला पाठवायचं ठरलं तेव्हा घरात पहिला वाद झाला तो अंतरावरून. ‘मध्ये उतरलं की केवढा वळसा पडतो!’ हे बाबांचं म्हणणं. भिंतीवरचा नकाशा बघून तसं वाटतं खरं, पण आकडे वेगळंच सांगतात. मुंबई ते न्यू यॉर्कचं जेएफके विमानतळ हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. लंडनमार्गे गेलात तर जेमतेम २०० किलोमीटर वाढतात, दुबईमार्गे ४००च्या आसपास. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला हे फार तर अर्ध्या तासाचं काम. वेळ खातो तो मधला थांबा.

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. येताना तास-दीड तास कमी, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि परतीला तो पाठीशी असतो. दुबईमार्गे आधी सव्वातीन तास, मग १४. लंडनमार्गे १० आणि ८. मध्ये तीन तास धरले तर दोन्ही प्रवास वीस-एकवीस तासांचे. म्हणजे थेट गेल्याने चार-पाच तास वाचतात. झोप लागणाऱ्या, पाय धड असणाऱ्या माणसाने दुसरा विचारच करू नये.

बाबांचे गुडघे मात्र धड नाहीत. त्यांच्यासाठी थांबा कुठे येतो हे महत्त्वाचं, आणि इथे दुबई माझ्या मनातून उतरलं. जेवणाचा ट्रे उचलून होतो न होतो तोच उतरायचं, पुन्हा सिक्युरिटी, आईच्या हातातली पाण्याची बाटली जाणार, आणि एवढं करून पुढे १४ तास आहेतच! लंडनला निदान प्रवासाचे दोन बऱ्यापैकी सारखे तुकडे पडतात.

अबू धाबीची गोष्ट जरा निराळी. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यू यॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. इंग्रजीला बिचकणाऱ्यांना हे सोयीचं, फक्त दोन तासांचा थांबा घेऊ नका, रांगेतच संपेल.

आणखी एक, जे तिकिटाच्या साइटवर दिसत नाही: एडिसनला नेवार्क विमानतळ जवळ. जेएफकेला उतरलं तर ताईला न्यू यॉर्कचा ट्रॅफिक ओलांडून यावं लागतं, म्हणजे वाचवलेल्या वेळातला तासभर तिथेच गेला. लंडनहून थेट नेवार्कला विमानं आहेत. आम्ही तेच तिकीट काढलं, दोघांना व्हीलचेअर सांगून.

पण पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही.