वूंड केअरचं 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' आणि माझे ६३,०५० रुपये

नर्स मैत्रिणींनो, वूंड केअर म्हणजे जखमांच्या देखभालीचा कोर्स विकणाऱ्या एका क्लासने बोगस सर्टिफिकेट देऊन मला फसवलं. आकडा आधीच सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. नोंदणीचे २,५००. कोर्स फीचे १८,००० चे दोन हप्ते. परीक्षा फी जीएसटी धरून १४,७५०. आणि शेवटी 'ॲपोस्टिल'च्या (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब) नावाखाली ९,८००. एकूण ६३,०५० रुपये. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबरच नाही. पावती आली की आधी तो नंबर बघा, मग पुढचं बोला.

मला कुणी भोळी म्हणू नये. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, सर्जिकल वॉर्डात वर्षं काढली आहेत. डायबेटिक फूट, बेडसोर, फुटलेले टाके, सगळं या हातांनी धुतलंय. पण 'वूंड केअर नर्स' अशी जागा निघाली की हॉस्पिटलवाले सर्टिफिकेट मागतात, आणि आपल्या जिल्ह्यांत हे रीतसर शिकायची सोय शोधून सापडत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलला स्टोमाच्या (मलमूत्रासाठी पोटावर केलेल्या वाटेच्या) नर्सिंगचं प्रशिक्षण मिळतं, पण घर आणि नोकरी सोडून तिथे जाऊन राहणं प्रत्येकीला जमतं का? ही आपली अडचण या लोकांना पक्की ठाऊक आहे.

जाहिरातीत होतं: सहा आठवड्यांत सीडब्ल्यूएस (सर्टिफाइड वूंड स्पेशालिस्ट), जीएनएम-एएनएम कुणीही चालेल, शंभर टक्के पास, आजीवन वैधता. फोनवरची मुलगी गोड बोलायची, "मॅम, तुमच्या एक्स्पीरियन्सला तर डायरेक्ट सीट आहे." आमच्या वॉर्डातल्या दोघींनीही पैसे भरले होते, इन्चार्ज सिस्टरही म्हणाल्या की करून टाक. असं असताना एकट्या मीच का शंका घ्यायची?

सीडब्ल्यूएस हे सर्टिफिकेट अमेरिकन बोर्ड ऑफ वूंड मॅनेजमेंट देतं. त्यासाठी जखमांच्या कामाचा ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि बोर्डाची परीक्षा द्यावी लागते. कोर्स विकणारा क्लास ते देऊच शकत नाही. शिकवणारा वेगळा, परीक्षा घेणारा वेगळा, हे लक्षात ठेवा. दुसरं नाव हे क्लासवाले घेतात सीडब्ल्यूसीएनचं, म्हणजे जखमांच्या नर्सिंगच्या दुसऱ्या सर्टिफिकेटचं. ते डब्ल्यूओसीएनसीबी नावाच्या अमेरिकन बोर्डाचं, आणि त्याला नर्सिंगची नोंदणी तर हवीच, शिवाय बॅचलर डिग्री हवी. म्हणजे माझ्यासारख्या जीएनएमला ते दार बंदच आहे, आणि फोनवरच्या त्या मुलीने मला एकदाही विचारलं नाही की सिस्टर, तुमचं बीएस्सी झालंय का.

'आजीवन' या शब्दावर अजून माझं रक्त उकळतं. आपलं स्वतःचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, क्रेडिट अवर्स (त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे तास) गोळा करता करता जीव जातो. सीडब्ल्यूसीएनसुद्धा ५ वर्षांनी संपतं. मग यांचंच आजन्म कसं टिकणार होतं? जाहिरात मोबाईलवर उघडी होती, हा शब्द ठळक लाल अक्षरात होता, आणि मी तो वाचून पुढे गेले. सलग नाइट ड्युट्यांमध्ये माणूस काय काय तपासणार!

पण डोळे उघडायचा खरा क्षण तो नव्हता. तो दुसऱ्या लेक्चरचा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, स्लाइडवर बेडसोरला अजून 'प्रेशर अल्सर' आणि रोमन आकड्यातल्या स्टेज (जखम किती खोल ते, चार सगळ्यांत खोल). अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्येच 'प्रेशर इंजुरी' असं नाव केलं आणि साधे आकडे घेतले, ते यांच्या गावीही नव्हतं. तेही सोडा. शिकवणारे सर म्हणाले, स्टेज चारचा बेडसोर भरत आला की स्टेज तीन लिहायचं, मग दोन, मग एक. मी तिथे व्हिडिओ थांबवला. हे चूक आहे हो! गेलेला स्नायू, गेलेली चरबी परत येत नाही. खड्डा ग्रॅन्युलेशनने (नव्या लाल दाणेदार मांसाने) आणि व्रणाच्या पेशींनी भरतो. म्हणून भरणारी स्टेज चार ही स्टेज चारच राहते, 'भरत असलेली' एवढंच लिहायचं. हे मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवते.

मी ग्रुपवर विचारलं. मेसेज दोन मिनिटांत डिलीट. लगेच फोन, "मॅम, हा इंटरनॅशनल सिलॅबस आहे, ग्रुपवर कन्फ्यूजन नको." तेव्हा दुसरा हप्ता गेला होता, परीक्षा फी जायची होती. तिथे थांबले असते तर २४,५५० वाचले असते. पण आधीचे ३८,५०० बुडतील या धास्तीने कोण थांबतं, सांगा? त्यांचे हप्ते याच हिशोबाने पाडलेले असतात.

ॲपोस्टिलचं तर ऐकाच. परराष्ट्र मंत्रालयाची त्याची फी एका कागदाला ५० रुपये. एजंटचे धरले तरी ९,८०० कुठून आले? सर्टिफिकेटवर स्टिकर होता, तोही खोटा. नव्या हॉस्पिटलच्या एचआरने बोर्डाच्या ऑनलाइन यादीत माझं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच कागद बनवून आणलाय. गल्फला जाणाऱ्यांनो, असला कागद पडताळणीला चुकूनही देऊ नका. तिथे खोटा ठरला तर तुमची खरी डिग्रीही संशयात येते.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "ताई, सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." दुसऱ्याने सांगितलं, कंपनीचा पत्ता परराज्यातला, तिकडे जा. अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते! हे मी त्यांना सांगायचं? बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. ज्या कार्यालयाने नर्सेसच्या बाजूने उभं राहायचं, तिथल्या बाबूने अर्ज न वाचताच परत केला, "हा कोर्स आमच्या मान्यतेचा नाही, आमचा संबंध येत नाही." मान्यता नाही हीच तर तक्रार आहे! आमची फी घ्यायला, रिन्यूअलला उशीर झाला की दंड लावायला संबंध येतो. आमच्या नावावर राजरोस दुकान मांडलं की येत नाही. रांगेत उभं राहून, रजा टाकून, घरी हे चिडलेले, आणि पदरात काय? एक पोच, तीही शिक्क्याशिवाय.

पोच शिक्क्यासकट घ्या. नाही दिली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, महिन्यांनी लावून उपयोग नसतो, खातं रिकामं झालेलं असतं. वैयक्तिक यूपीआयवर फी मागितली की फोन ठेवा. बोर्डाचं नाव सांगितलं तर त्याच बोर्डाला ईमेल करून विचारा की हा क्लास तुमचा का.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. ज्यांनी ज्यांनी अशा क्लासला पैसे भरलेत त्यांनी ग्रुप रागाने सोडू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करा, व्हिडिओ उतरवून ठेवा, यूपीआयचे यूटीआर (व्यवहाराचे) नंबर वहीत लिहा. मी तक्रार केली त्या रात्रीच त्यांनी मला ग्रुपमधून काढलं आणि व्हिडिओंच्या लिंक बंद केल्या.