म्हापसा मार्केटातलं काकींचं मसाल्याचं दुकान – पोरगं परदेशात मिशनवर असेल तर पार्सल इथूनच करा

आधी रेटिंग सांगते, पाचात साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

म्हापशाच्या मार्केटात मसाले, सुक्या मिरच्या, आमसुलं विकणारे ढीगभर आहेत, आणि शुक्रवारच्या बाजारात खाली मांडून बसलेल्या बायकांकडेसुद्धा एकदम चांगला माल मिळतो हे मान्यच. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते आतल्या गल्लीत आहे, एकच शटर, बोर्डबिर्ड काही नाही, सगळे नुसतं काकींचं दुकान म्हणतात. घरच्यासाठी मी कुठूनही मसाला आणते, पण माझ्या धाकट्या भावाला पाठवायचं असलं की फक्त इथेच.

भाऊ सध्या इंग्लंडमध्ये आहे, मिशनरी म्हणून. लॅटर-डे सेंट्स चर्च, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते. बंगळूरला शिकायला होता तेव्हा त्या चर्चमध्ये जायला लागला, मग एक दिवस फोन करून म्हणाला ताई मी मिशनला अर्ज केलाय. घरात बरीच चर्चा झाली, आईला पटायला वेळ लागला, पण त्याने मनापासून ठरवलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. मुलांना १८ पूर्ण झाली की जाता येतं, मुदत दोन वर्षांची, पगार वगैरे काही नाही, उलट खर्चाचा वाटा आपण नाहीतर घरच्यांनी उचलायचा. आणि देश आपण निवडायचा नसतो, सॉल्ट लेक सिटीहून पत्र येतं, त्यात जे नाव असेल तिकडे जायचं. ह्याच्या पत्रात उत्तर इंग्लंड निघालं.

आता मसाल्याच्या रिव्ह्यूमध्ये हे सगळं कशाला, तर त्याचा दिवस कसा जातो ते कळल्याशिवाय पार्सलमध्ये काय घालायचं ते कळत नाही, आणि काकींनी पहिल्यांदा नेमकं तेच विचारलं होतं. बाकी दुकानात विचारतात किती किलो, ह्यांनी विचारलं कुठच्या देशात, स्वयंपाक कोण करतं, आणि त्याला वेळ किती मिळतो.

तर वेळ असा. साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, आणि दहाच्या सुमारास बाहेर पडायचं ते रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. लोकांना भेटणं, कुणाच्या घरी सामान हलवायला मदत, रस्त्यात उभं राहून बोलणं, आणि बऱ्याचदा दारावरूनच नको म्हणून परत. साडेदहाला दिवे बंद. कायम जोडीने राहायचं, जोडीदाराला कम्पॅनियन म्हणतात, त्याला सोडून कुठेही जायचं नाही, फ्लॅट एक, किचन एक. दुपारच्या जेवणाला साधारण तास मिळतो आणि त्यातच येणं-जाणं, शिजवणं, भांडी. कधी चर्चमधली कुटुंबं रात्री जेवायला बोलावतात, नाही बोलावलं त्या दिवशी ब्रेड आणि अंडी.

हे सगळं ऐकून काकींनी शाकुती मसाल्याचा डबा जो मी आधीच बोट दाखवून मागितला होता तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, बाय, ह्यात भाजलेलं खोबरं आहे, तिकडे पोचेपर्यंत आणि तो संपवेपर्यंत खवट होईल, त्यापेक्षा बिनखोबऱ्याचा घे, खोबरं त्याला तिकडच्या दुकानात मिळेल तेव्हा घालू दे. दुसरं कुळथाचं पीठ. पाण्यात कालवायचं, लसूण-मिरचीच्या फोडणीवर ओतायचं, ढवळत राहायचं, दहा मिनिटांत पिठी तयार आणि बाजूला भात. भाऊ आता आठवड्यातून दोनदा तरी तेच करतो. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना माझं सांगणं, शाकुतीच्या मागे लागण्याआधी कुळीथ पाठवा.

तिसरी गोष्ट आमसुलं, आणि ह्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे काकींचा माल खरंच वेगळा आहे. त्यांच्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही, म्हणजे अजिबातच नाही, आणि हा पडला इंग्लंडमध्ये जिथे दार उघडलेला माणूस चांगला असेल तर पहिली गोष्ट चहा विचारतो. थंडी, पाऊस, पाय भिजलेले, आणि समोरच्याला नाही म्हणायचं. घरी आल्यावर काहीतरी गरम हवंच असतं. काकींची आमसुलं मऊ असतात, काळीभोर, हाताला चिकटणारी, वर मिठाचे खडे दिसत नाहीत, वास घेतला की तोंडाला पाणी सुटतं. बाजारात बरीच आमसुलं मिठाने पांढरी झालेली मिळतात आणि ती उकळली की नुसतं खारट पाणी होतं. ही चार-पाच गरम पाण्यात टाकायची, दहा मिनिटं झाकून ठेवायची, जिरेपूड, साखर, रंग असा येतो की त्याचा कम्पॅनियन आधी घाबरला आणि मग रोज मागायला लागला. तो युटाहचा होता. मिरची मात्र त्याला झेपली नाही, लाल मसाल्याच्या पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी. नंतरचा घानाचा आला, त्याने तोच मसाला स्वतःच्या जोलोफ भातात घातला आणि म्हणे अजून मागव.

आता पॅकिंग. मी किलोच्या पिशव्या मागत होते, त्या शंभर-शंभर ग्रॅमच्या करूया म्हणाल्या. त्याचा उपयोग मला नंतर समजला. मिशनमध्ये साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, जोडीदार बदलू शकतो, गावही बदलू शकतं, आणि अख्खा संसार दोन सुटकेसमध्ये बसवायचा असतो. छोटी पाकिटं कोपऱ्यात मावतात आणि एक फुटलं तरी बाकीची वाचतात. ह्यांचे शर्ट पांढरे असतात हो, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी. बॅगेत हळद सांडली तर काय होईल विचार करा. धुणं आठवड्यातून एकदाच, सोमवारी, तोच त्यांचा सुट्टीसारखा दिवस असतो, त्यातच बाजारहाट, केस कापणं, साफसफाई आणि घरी फोन.

काकी आधी मसाला जाड पिशवीत भरतात, हाताने दाबून हवा काढतात, मशीनने तोंड सील करतात, मग ती पिशवी उलटी धरून जोरात झटकतात, पावडर आली की परत पहिल्यापासून. त्यावर दुसरी पिशवी. प्रत्येकीवर इंग्रजीत नाव, आत काय काय आहे आणि कुटल्याची तारीख, स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरात. पोस्टात इंटरनॅशनल स्पीड पोस्ट करताना कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो, त्यात मला फक्त हे बघून उतरवायचं असतं. चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि घरचं तूप मी घेऊन गेले होते तेही त्यांनी परत दिलं, कारण ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, अख्खं पार्सल अडकलं असतं. एवढी माहिती मला एका कुरिअरवाल्याने दिली नव्हती, पैसे मात्र आधी सांगितले.

आता अर्धा स्टार. भाव बाजारापेक्षा जास्त आहे, काजू तर मी तिथून घेतच नाही. तिखट किती ते पाकिटावर लिहीत नाहीत, ते लिहायलाच हवं, निदान परदेशी जाणाऱ्या पाकिटांवर. फणसपोळी मला आवडली नाही, साखर फार, आंब्याचं साठ त्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि शुक्रवारी काकींना बोलायला वेळच नसतो, तेव्हा गेलात तर नुसता मसाला मिळेल, सल्ला मिळणार नाही.

भावाचा व्हिडिओ कॉल सोमवारी येतो, आपल्याकडे तोवर संध्याकाळ झालेली असते. २०१९ च्या फेब्रुवारीच्या आधी मिशनरींना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी ईमेल. तो त्या काळात गेला असता तर आईने काय केलं असतं ह्याचा विचारच करवत नाही. आता ती दर सोमवारी पहिला प्रश्न जेवणाचा विचारते आणि तो कॅमेरा भांड्याकडे फिरवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे, तो उपास तो आता पिठी-भाताने सोडतो. मागच्या वेळी कॉलवर काकींच्या आमसुलांचा शेवटचा पुडा दाखवला, म्हणून ह्या आठवड्यात परत जातेय.

जाणाऱ्यांनी मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या आत जा, दुपारी शटर बंद असतं. रोख न्या, जीपे कधी चालतं कधी नाही. परदेशी पार्सल म्हणून आधीच सांगा आणि पोरगं कुठे आहे, स्वतः शिजवतं का, किती वेळ मिळतो ते नीट सांगा, बाकी काकी बघतील.