फ्लॅटचा सर्च करून घेतला, आठ महिन्यांनी काय वाटतंय

बोरिवली वेस्टला रीसेलमध्ये वन बीएचके घेतला, राहायला येऊन आठ महिने झाले. तेव्हा घरच्यांचं डोकं खाऊन जो सर्चचा (म्हणजे जुने दस्त काढून फ्लॅट नक्की कोणाचा, त्यावर बोजा किंवा वाद आहे का ते तपासण्याचा) घोळ घातला होता त्याचे पैसे आणि वेळ वसूल झाला का ते लिहितोय. झाला, पण ज्या रिपोर्टसाठी मी अडून बसलेलो त्यातून फार कमी, बाकीच्या उचापतींतूनच जास्त.

सुरुवात घरबसल्या केली. आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी विभागाच्या) साइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे, वर्ष, जिल्हा, गाव, मिळकत नंबर टाकायचा आणि एकेक वर्ष करत मागे जायचं. दोन रात्री मला काहीच सापडेना कारण मी गाव म्हणून बोरिवली टाकत बसलेलो आणि बिल्डिंग पडते मौजे एक्सरमध्ये! लाइट बिलावर पत्ता काहीही असूदे, मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर) जे गाव आणि जो सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर असेल तोच टाकायचा. मग दस्त धडाधड निघाले, पण सगळे शेजारपाजारच्या फ्लॅटचे, आमच्या नंबरचं काहीच नाही. मी खूश, म्हटलं बोजा (कर्जाचं तारण वगैरे) नाही, भानगड नाही.

मग वकील मॅडमनी सर्च क्लार्क लावून तीस वर्षांच्या वर मागे बघायला लावलं, त्यात बिल्डरकडून घेतलेला १९९१ चा करार निघाला, विकणाऱ्या काकांच्या वडिलांच्या नावाचा. त्यानंतर कोरं. रिपोर्ट क्लिअर. (रिपोर्टला सर्च फीच्या चलनाची कॉपी जोडलेली आहे का बघा, नाहीतर सर्च नक्की कुठे बसून केला कोण जाणे. आणि शेवटची बारीक ओळ वाचा, फाटलेली किंवा न मिळालेली पानं सोडून, असं काहीतरी लिहिलेलं असतंच.)

मॅडम मात्र त्या कोऱ्या जागेवरच अडल्या. म्हणाल्या, वडील गेले, शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर आलं, मग मधला दस्त कुठाय? काकांचं म्हणणं नॉमिनेशन माझंच होतं, सोसायटीने ट्रान्सफर करून दिलं, विषय संपला. तर तसा तो संपत नाही. नॉमिनी म्हणून सोसायटी नाव लावते, पण बाकी वारसांचा हक्क त्याने जात नाही, आणि काकांना दोन बहिणी. वारस आहेत म्हणून इंडेक्समध्ये (रजिस्टर झालेल्या दस्तांच्या सूचीत) एंट्री पडत नसते, त्यामुळे सर्च कितीही मागे नेला तरी या दोन बहिणी त्यात दिसल्याच नसत्या. धाकटी चिपळूणला असते, ती येईपर्यंत तीन आठवडे गेले, मग दोघींनी रजिस्टर हक्कसोड पत्र करून दिलं आणि त्यानंतरच आम्ही टोकन दिलं. एजंट रोज फोन करून दुसरी पार्टी तयार आहे म्हणायचा. ती पार्टी अजून कोणी बघितलेली नाही.

दुसरं म्हणजे सरसाई (CERSAI), बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही. नाममात्र फी भरून कोणीही बघू शकतं की या मिळकतीवर बँकेचा बोजा नोंदलाय का. काकांनी जुनं लोन कधीच फेडलेलं, नो ड्यूज लेटर पण होतं, तरी तिथे बोजा जसाच्या तसा! त्यांच्या बँकेने काढायचाच राहून गेलेला. दोन-तीन चकरा मारल्यावर निघाला.

ई-कोर्ट्सवर नावाने केस शोधली, आडनावाची स्पेलिंगं चार प्रकारे टाकून, काही निघालं नाही. महाराष्ट्रात दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (मिळकतीवर कोर्टात दावा चालू असल्याची सूचना) रजिस्टर करावी लागते त्यामुळे ती सर्चमध्येही दिसायला पाहिजे, पण मी दोन्हीकडे बघितलं. पेपरात चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली, एक मराठी एक इंग्रजी, कोणी आलं नाही. १९९१ च्या कराराची स्टॅम्प ड्युटी पण तपासली, कारण १० डिसेंबर १९८५ नंतरच्या ताबा दिलेल्या करारांना पूर्ण ड्युटी लागते आणि आधीच्या माणसाची चूक शेवटी आपल्या गळ्यात येते. ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) होती, तो भाग पाच मिनिटांत संपला.

बँक करतेच की सर्च, तुम्ही कशाला खर्च करताय, असं मला निदान सहा जणांनी सांगितलं. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो हो, आणि त्याचा रिपोर्ट शेवटपर्यंत माझ्या हातात आलाच नाही.

चुकलं काय, तर मालमत्ता पत्रक मी फक्त गावाचं नाव आणि नंबर बघायला वापरलं. त्यावर मालक म्हणून अजून जुन्या जमीनमालकाचंच नाव आहे, म्हणजे सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलंच नाही, हे समोर असून मी वाचलं नाही. वाचलं असतं तर भावात थोडं तरी खेचता आलं असतं. डीपी रिमार्क (विकास आराखड्यात आपल्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा पालिकेचा कागद) पण घेतला नव्हता, तो आत्ता काढला, पुढच्या रस्त्याचं रुंदीकरण आमच्या कंपाउंडमध्ये थोडं आत येतंय.

गेल्या महिन्यात रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली तेव्हा डीम्ड कन्व्हेयन्सचा (जमीनमालक किंवा बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायच्या कन्व्हेयन्सचा) विषय निघाला आणि कमिटीकडे निम्मे कागदच नव्हते. सेक्रेटरी काका, ज्यांनी एनओसी देताना एवढे कागद कशाला हवेत म्हणून मला सुनावलेलं, ते रविवारी सकाळी माझी फाइल झेरॉक्सला घेऊन गेलेत. अजून परत आलेली नाही.